ग्राफिक्स कार्ड जुंपून बघितलं

मुलांनो, गेल्या दिवाळीत तुम्ही इथे इंदापूरला काढलेले व्हिडिओ जोडून मी एक फिल्म करत होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती कुणासाठी, हे मात्र सांगितलं नव्हतं. ती माझ्या थोरल्या भावासाठी, तुमच्या निमगाव केतकीच्या आबांसाठी होती. त्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडला आहे. कडेचं दिसतं, समोरचं माणूस पुसट होतं. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनांनी आहे ती नजर टिकेल, पण किती दिवस ते सांगता येणार नाही. तुमचा व्हिडिओ कॉल आला की ते मोबाइलकडे बघून "दिसतंय, दिसतंय" म्हणतात. त्यांना काही दिसत नसतं. म्हणून तुमचे चेहरे टीव्हीभर मोठे करून दाखवायचे, असं मी ठरवलं होतं.

चेहरा मोठा केला तरी फाटू नये, म्हणून मूळ चित्रण फोर-के या सर्वांत बारीक दर्जातच ठेवणं भाग होतं. तिथेच माझा जुना कॉम्प्युटर अडला. तुमच्यातली धाकटी कोकरामागे पळू लागली की चित्र थांबायचं आणि एकदम ती कुंपणापाशी पोहोचलेली असायची. त्याला ग्राफिक्स कार्ड हवं होतं. मी वहीत तक्ता केला: कार्डाची लांबी, मेमरी, किती वॅटचा पॉवर सप्लाय लागेल. शिवणाच्या टेपने कॉम्प्युटरचं कॅबिनेट आतून मोजलं आणि तीन कार्डं निवडली. सर्वांत मोठ्यावर खूण केली.

आदल्या संध्याकाळी आबांना फोनवर एवढंच सांगितलं की बारामतीला कॉम्प्युटरचा एक भाग आणायला चालले आहे.

"चालवून बघणार का न्हाय?"

"दादा, ते खोक्यात सीलबंद येतं."

"मग काय डोळं झाकून घेणार? बैल जुंपून बघितल्याबिगर आपण कवा इसार दिलाय का? तुझा त्यो कॉम्प्युटरचा डबा घे संगं. मी येतो."

इंदापूरहून मी कॅबिनेट घेऊन एसटीत चढले. निमगावला आबा चढले. त्यांनी कॅबिनेटखाली घोंगडं घातलं आणि ते मांडीवर घेतलं.

"आबा, लेकराला हाफ तिकीट देऊ का?" कंडक्टर म्हणाला.

"दे की. निजलंय तवर दिऊन टाक."

बारामतीच्या दुकानदाराने माझा तक्ता शांतपणे वाचला. "मॅडम, तिन्ही चांगली आहेत. पण लावून दाखवत नाही आम्ही. असं कुणी मागत नाही."

"कुणी मागत न्हाय म्हणून तुमचं फावतंय," आबा स्टुलावर बसत म्हणाले. "बैलबाजारात या एकदा. जुवात शिवळा बी आमीच घालतो, नांगर बी आमीच धरतो."

दुकानदार हसला. त्याने कॅबिनेट उघडलं आणि मोठं कार्ड आत घालायला घेतलं. ते हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडलं. मी कपाट मोजावं तसं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोजलं होतं. मधला पिंजरा माझ्या तक्त्यात नव्हताच.

"मोठं जनावर गोठ्यात मावंना व्हय?" आबांनी विचारलं.

मधलं कार्ड बसलं. पॉवर सप्लायही पुरत होता. पण आता ते चालवून बघायचं म्हणजे माझीच फिल्म लावायची, आणि ती तर आबांच्या वाढदिवसापर्यंत लपवायची होती. मी दुकानदाराला दुसरं काहीतरी लावा म्हटलं.

"तुमचं जे अडतं तेच लावा, मॅडम. नाहीतर कळणार कसं?"

त्याचं बरोबर होतं. मी फिल्म लावली. त्याने दुकानातला सर्वांत मोठा मॉनिटर जोडला होता. धाकटी कोकरामागे धावली, कुठेही न अडखळता, आणि वळून कॅमेऱ्याकडे बघून हसली. तो चेहरा मी पडदाभर मोठा केलेला होता.

आबा स्टूल ओढून जवळ सरकले. हल्ली ते मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने बघतात. तसे बराच वेळ बघत राहिले. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर "दिसतंय" म्हणाले असते.

"हिचा फुडचा दात पडलाय की," ते म्हणाले. "मला कुणी बोललं न्हाय."

त्या दिवाळीत ती त्यांच्यासमोर बसून जेवत होती, परत गेल्यावर रोज फोनवरही बोलत होती. दात पडल्याचं सांगायला हवं, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ह्यो ताडमाड कोण? थोरला? मिशी फुटाय लागली त्याला," आबा पडद्याला नाक लावून म्हणाले.

"मॅडम, तिसरं लावून बघायचं का?" दुकानदाराने विचारलं.

"नको, हेच द्या."

तो कार्ड काढून खोक्यात भरायला उठला, तर आबांनी त्याचा हात धरला.

"थांब रं. अजून एकांदा फिरीव. कोकरू कुणाचं हाय ते बघायचं ऱ्हायलंय."