चीक पुसायचा नाही

त्या काळी मोटारी क्वचित दिसत. आंब्याच्या करंड्या बायकांच्या डोक्यावरून रत्नागिरीच्या बंदरावर जात आणि तिथून आगबोटीने मुंबईला. आमच्या गावच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे आंबे ठेवायच्या खोपटात, त्या भरायचं काम चाले. दोघी-दोघींची जोडी असे. माझ्या जिभेला सगळ्या टरकून असत, म्हणून माझ्या जोडीची जागा रिकामीच राही, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

एका हंगामात राजापूरकडची एक सोळा-सतरा वर्षांची पोरगी कामाला आली. बाप गेलेला, आई अंथरुणाला खिळलेली. ही कमावेल तेव्हा घरची चूल पेटणार. काम तिला नवं होतं, पण घरचं वळण चांगलं. दुसऱ्याला वस्तू द्यायची ती स्वच्छ करूनच. देठ तुटलेल्या आंब्यावर चीक ओघळलेला दिसला की ती पदराने आंबा छान पुसून पेंढ्यावर मांडायची. आगबोट लांबली, आणि दोन दिवसांत तिने पुसलेल्या आंब्यांवर काळे डाग उठले. पुसलेला चीक पसरतो आणि साल जाळतो. आंबा पालथा ठेवून तो निथळू द्यायचा असतो.

मुकादम भडकला. कुणी जोडीला घेत असेल तर राहू दे, नाहीतर उद्यापासून नको, म्हणाला. सगळ्या पेंढ्यात बघत बसल्या. नवखी जोडीला आली की हात मागे पडतो आणि बोलणी दोघींना बसतात. पोरगी एकटी उभी होती. मला तिची दया आली आणि त्या मुक्या बायकांचा रागही.

"माझ्याजवळ बस," मी म्हटलं.

आंबा हातात आला की तिचा दुसरा हात आपोआप पदराकडे जाई, आणि मी मान वर न करता ओरडे, पुसू नको. दुपारी तिच्या कोरड्या भाकरीला माझं सुकटीचं कालवण असे. हळूहळू तो हात जागच्या जागी राहायला लागला. पुढे पुढे तर मुकादम तिची करंडी उघडूनही बघत नसे.

आंबा संपला. निघताना ती पाया पडली. पुढल्या वर्षी माझ्याजवळची जागा तुझीच, असं मी सांगितलं आणि तिला रडू फुटलं. तिने पदर डोळ्यांपर्यंत नेला, तसाच धरला, आणि परवानगी मागितल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली.

मला हसू आलं.

"आता पूस गो बाय," मी म्हटलं.