समुद्राचा फुटवॉल

जगातल्या यच्चयावत दुःखाचं मूळ गळतीत आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी उभ्या दारव्ह्यात एकच पाहिला. आमचे मोटरवाले चाचा. विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करण्यात जन्म गेलेला, त्यामुळे पाइपाबाहेरचं जगही त्यांना पाइपासारखंच दिसे. माझ्या शाळेतली पोरं गणितात आपटली, की ती खालच्या वर्गातली गळती. त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्याला जाऊन तिथलाच झाला, तीही गळती. मोटर दुकानात आली की तिला कान लावून डोळे मिटायचे, आणि मालक बिचारा डॉक्टरपुढं उभं राहावं तसा उभा. त्यातच तळ्यावर नवा पक्षी उतरल्याची खबर आली, की मोटर उघडी टाकून सायकलवर टांग मारायचे. गिऱ्हाइकानं कटकट केली तर त्यालाही डबलसीट न्यायचे. मोटर न्यायला आलेले कितीतरी शेतकरी चक्रवाक पाहून रिकाम्या हातानं घरी गेलेत.

हे वेड मूळचं चाचींचं. त्यांच्या स्वयंपाकघरात एक जुनं कॅलेंडर होतं, त्यावर समुद्राच्या खाडीत उभा असलेला गुलाबी रोहित पक्ष्यांचा थवा. तारखा फाटून गेल्या, चित्र तेवढं राहिलं. एवढे गुलाबी पक्षी खरंच असतात, की छापणाऱ्यानं रंग ओतला, हा चाचींचा कायमचा प्रश्न. पुढच्या हिवाळ्यात दाखवतो, असं चाचा दर हिवाळ्यात म्हणायचे, आणि दर हिवाळ्यात ऐन गव्हाच्या ओलिताला कुणाची तरी मोटर जळायची. मग चाचीच गेल्या. तीन महिने चाचांनी एकाही मोटरीला कान लावला नाही. एकदा नुसतं म्हणाले, "ते गळती मले सापडली नाही, मास्तर."

त्या हिवाळ्यात ते स्वतःहून माझ्याकडे आले. खाडीवरच्या रोहित पक्ष्यांच्या अभयारण्यात मले घेऊन चाल, म्हणाले. रंग डोळ्यांनी पाहायचा आणि तिच्या कबरीपाशी जाऊन सांगायचा. मी मोठा व्यवस्थित माणूस! बडनेऱ्याहून जायची गाडी, दुपारी परतीची गाडी, डब्यात पोळ्या, सगळं चोख जमवलं. समुद्राचंही वेळापत्रक असतं, हे मात्र आम्हा तळ्याकाठच्या शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडचं पाणी बिचारं जिथं असतं तिथंच असतं.

पोचलो तर खाडी काठोकाठ भरलेली आणि पक्षी एकही नाही. तिथल्या पहारेकऱ्यानं समजावलं, की भरती आहे, चिखल बुडाला म्हणून थवे दूर गेलेत; चारनंतर पाणी उतरेल, मग येतील. पाणी दिवसातून दोनदा आपोआप उतरतं, हे चाचांना काही केल्या पटेना. बराच वेळ त्यांनी पाण्याकडं पाहिलं आणि निदान केलं, "मंग याचा फुटवॉल गेला हाय." पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरू नये म्हणून तळाशी बसवतात, तो फुटवॉल. पहारेकरी हसला, मीही हसलो. मग मी घड्याळ पाहिलं. गाडी अडीचला होती आणि दुसऱ्या दिवशी माझी परीक्षेची ड्युटी.

चाचांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. "चाल बाबा," म्हणाले, "तुयी ड्युटी हाय."

 परतीच्या गाडीत पोळ्या तशाच राहिल्या. पुढं कबरस्तानाचा रस्ता टाळून लांबच्या वाटेनं दुकानात जाऊ लागले. तिच्यापुढं काय तोंड घेऊन जाऊ, म्हणायचे. संध्याकाळी मात्र माझ्या दारात सायकल थांबायची. "मास्तर, आता उतरलं असंल का पानी?" मी मोबाइलमध्ये पाहून सांगायचो. मान हलवून ते निघून जायचे. पुन्हा जाऊ, असं मी प्रत्येक वेळी म्हणायचो. अगदी त्यांच्यासारखंच, पुढच्या हिवाळ्यात.

गेल्या पावसाळ्यात चाचा गेले. थंडी पडल्यावर मी एकटाच निघालो, या खेपेला आधी ओहोटीची वेळ पाहून. पाणी हळूहळू उतरलं, चिखल उघडा पडला आणि थवे आले. मी अंधार पडेपर्यंत तिथं बसलो होतो.

दारव्ह्याला उतरलो तो तडक कबरस्तानात गेलो. दोघं शेजारी शेजारी आहेत. "चाची, रंग खरा हाय," मी म्हणालो. "क्यालेंडरावर दाखवला तेवढा नाही, पण हाय." मग चाचांकडं वळलो, "उतरलं पानी." ते उतरेपर्यंत थांबायला एका दिवसाची रजा टाकावी लागली, दुसरं काही नाही.