तुसाची राख आणि माझं नाव

मूल गावच्या राईस मिलपाशी जळत्या तुसाचा वास आला की ती दुपार आठवते. त्याच तुसाच्या राखेपासून मी उत्प्रेरक बनवला होता. माझ्या शोधनिबंधाचा दाखला दुसरा कुणी संशोधक आपल्या निबंधात देईना, आणि त्यावाचून कॉलेजातली नोकरी टिकणार नव्हती. आई रोज विचारायची, "पोरी, कोनी घेतलं का तुयं नाव?" त्या दुपारी फोनवर पहिला दाखला दिसला. "घेतलं," मी म्हटलं. ती शेजारीपाजारी गूळ वाटायला गेली, आणि मी त्या निबंधातली माझ्या नावाची ओळ वाचली: हा उत्प्रेरक आमच्याकडे चालला नाही. अरे, राख तरी मूलची घ्यायची. आई रिकामी वाटी घेऊन परतली. "काऊन गप्प झाली? आता सारेच घेतीन." घेतात ना. आजही निबंधांत माझं नाव निघतं, ते त्याच 'चालला नाही'च्या ओळीपुरतं.