लेकीचं बेट

चाकणला आमच्या कंपनीची बस चालवणारे काका मूळचे तळवड्याचे. त्यांची एकुलती एक मुलगी इंग्लंडजवळच्या एका लहानशा बेटावर नर्स होती. बस चौकात अडकली की काका मागं वळून सांगायचे, “राजा इंग्लंडचा, पण कारभार त्यांचा त्यांचा. पार्लमेंट निराळी, नोटा निराळ्या. माणसं आपल्या चिंचवडएवढी पण न्हाईत. मासेमारी बसली, आता सगळं बँकांवर चालतंय, राव.” ते बेट त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या महिन्यात काकू अचानक गेल्या. आम्ही घाटावर गेलो. जो तो मुलीची चौकशी करत होता आणि काका प्रत्येकाला शांतपणे समजावत होते, “तिथं धुकं पडलंय. विमानं बंद हायेत.”

परतताना मी विचारलं, “दहाव्याला तरी पोचेल ना?”

त्यांनी माझा हात घट्ट धरला. “तिला कळवलंच न्हाई, राव. नोकरी नवी हाय. सोडून आली तर तिथलं सरकार परत घ्यायचं न्हाई.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलीचाच होता. त्यांनी डोळे पुसले, घसा खाकरला आणि म्हणाले, “बोल बाई. आई व्हय? आत्ताच डोळा लागलाय तिचा.”