मेट्रोत धरलेली जागा

कारंजाच्या स्टँडवर जागा धरण्याचे काम मी चाळीस वर्षे केले. एस.टी. थांबण्यापूर्वी खिडकीतून पिशवी आत टाकायची. ती ज्या आसनावर पडेल ते आपले. पत्नीने मागून सावकाश यावे. या व्यवस्थेवर आमचा संसार चालला आणि तिला सहसा उभ्याने प्रवास करावा लागला नाही.

गेल्या वर्षी तिचे गुडघे दाखवायला आम्ही शहरात गेलो. डॉक्टर दुपारी एकपर्यंतच बसत. शस्त्रक्रिया करायची की नाही, हे त्या दिवशी ठरणार होते. एक्स-रे आणि जुने कागद एका कापडी पिशवीत होते. पिशवी अर्थातच माझ्या हातात. जबाबदारीची कामे मी इतरांवर सोपवीत नाही.

मेट्रोचे स्थानक इतके स्वच्छ होते की खोकण्याचीही भीती वाटावी. गाडी किती मिनिटांत येणार हे फलकावर लिहिले होते आणि ती तेवढ्याच मिनिटांत आली. अशा उद्धट वागणुकीची मला सवय नव्हती.

पत्नी लिफ्टपासून एकेक पाऊल टाकीत येत होती. खिडक्या उघडत नाहीत असे दिसल्यावर मी दारातून शिरलो, रिकाम्या आसनावर पिशवी ठेवली आणि तिला आणायला बाहेर आलो. दारे मिटली. एक्स-रे बसून गेले. रुग्ण फलाटावर राहिला.

“गाडी थांबवा, माझी जागा धरलेली आहे,” मी सुरक्षारक्षकाला सांगितले.

“बाबाजी, इथं जागा नाही धरत, दांडा धरतात.”

पत्नी म्हणाली, “माहे गुडघे पुढं गेले अन् मी मांगं राह्यली. आता डॉक्टरले काय दाखवू, तुमचं तोंड?”

रक्षकाने शेवटच्या स्थानकाला फोन केला. रुग्णालयाची बसही तिथल्याच खालच्या स्टँडवरून सुटत असे. पुढच्या गाडीत एका मुलीने उठून पत्नीला जागा दिली. माझी सेवा त्या शहराला नको होती.

शेवटच्या फलाटावर एक वयस्कर गृहस्थ आमची पिशवी छातीशी धरून तिथल्या रक्षकाशी भांडत होते.

“बेवारस कायची? कोणीतरी जागा धरली होती! लोकायच्या शिव्या खाल्ल्या, पण कोणाले बसू नाही देलं.” मग त्यांनी मला न्याहाळले. “कुठले, भाऊ?”

“कारंजा.”

“वाटलंच. मी रिसोडचा. दुकान आहे कपड्याचं. तुमच्यापायी माही बस गेली.”

रक्षकाने एक्स-रे बाहेर काढले. “कोणाचे आहेत?”

“माहेच,” पत्नी म्हणाली. “चालून दाखवू का?”

तो पुरावा त्याला पुरला. मी रिसोडकरांकडे पाहून आभारादाखल मान हलवली. माझ्याकडून एवढेच होते, आणि ते पुष्कळ आहे असे मी समजत असे.

पाऊण वाजता आम्ही डॉक्टरांसमोर होतो. त्यांनी एक्स-रे उजेडात धरले आणि शस्त्रक्रिया तूर्त नको म्हणाले. मात्र रोज सकाळी चालायला हवे, आणि तोल जाऊ नये म्हणून सोबत कोणीतरी हवे.

“आजोबा आहेतच की,” ते म्हणाले.

“यायले सोबत चालणं नाही जमत, डॉक्टरसाहेब,” पत्नी म्हणाली. “हे पुढं असतात.”

दुसऱ्या दिवसापासून मी सोबत चालतो. फार हळू चालते ती.