पुतळ्याच्या मापाची पँट

सकाळपासून धुकं असं बसलं होतं की शिलाईच्या खोलीत कापडसुद्धा दमट लागत होतं. इस्त्री तापता तापत नव्हती, वहिनी मात्र केव्हाच तापली होती. नणंद वहिनी म्हणते म्हणून गिऱ्हाइकंही तिला वहिनीच म्हणायची.

दुकानांत न खपलेले कपडे, पुन्हा विकले जाऊ नयेत म्हणून आतल्या लेबलावर काळी रेघ मारून, गठ्ठ्याने या खोलीत यायचे. ज्यांच्या अंगाला तयार कपडे बसत नाहीत त्यांच्यासाठी या दोघी ते उसवून पुन्हा शिवायच्या. या खेपेचं गिऱ्हाईक म्हणजे चाकांच्या खुर्चीवरची एक मुलगी. उद्या तिचा नोकरीचा पहिला दिवस. तिने कागदावर लिहून दिलं होतं: मागून चार बोटं उंच, पुढून खाली, पाय लांब, मागचे खिसे नकोत.

वहिनीने दोन पँटींची एक केली, अगदी कागदाबरहुकूम. मग सवयीने ती लाकडी पुतळ्याला चढवली. मागचा भाग पाठीवर चढलेला, पुढे पोट उघडं, पाय जमिनीवर लोळताहेत. तीस वर्षांत असं ध्यान तिच्या हातून उतरलं नव्हतं. पोरीनेच काहीतरी उलटसुलट लिहिलं असणार, असं पुटपुटत तिने सगळं उसवलं आणि पुतळ्याला चापूनचोपून बसेल अशी पँट करून टाकली.

दुपारी मुलगी आली. नणंदेने आतल्या खोलीत पँट चढवून दिली. बाहेर आली तेव्हा पँट मागून घसरलेली, पुढची घडी पोटात रुतलेली, नडग्या उघड्या.

"मी कागद दिला होता ना, वहिनी?"

"दिला होतास गं. पण फार वाईट दिसत होती."

"कुणावर?"

वहिनीने पुतळ्याकडे पाहिलं. नणंदेला तेवढं पुरलं. "त्याला कुठे उद्या कामावर जायचंय?"

मुलगी हसली, पण मांडीवरच्या मुठी काही सुटल्या नाहीत. घरातली ढगळ पँट घालून मी उद्या जाणार नाही, एवढंच ती म्हणाली, आणि तिथेच थांबून राहिली.

वहिनीने नणंदेकडून स्वतःचीच मापं काढून घेतली. आधी उभ्याने, मग स्टुलावर बसून. माप बदललं: मागून वाढलं, पुढून घटलं. टेप सरकली असेल म्हणून पुन्हा घेतलं, तरी तेच. बाई एक, कंबर एक, आणि मापं दोन! मशीनवर बसून आपण जन्म काढला, मग हे आधी कसं दिसलं नाही? की दिसत होतं? तिला धड विचारच करता येईना. नशीब, काढलेले तुकडे फेकले नव्हते. ती जोडायला बसली.

संध्याकाळी पँट पुन्हा चढली. मुलीने वाकून चाकाला हात लावला, मग सरळ झाली. मागे पँट जागची हलली नाही.

"कशी दिसते?"

"मला आता काही कळेनासं झालंय बघ," वहिनी म्हणाली. "तुला कशी वाटते?"

"घातलीय हेच कळत नाही."

मुलगी गेली. वहिनीने लोहचुंबक फिरवून जमिनीवरच्या टाचण्या गोळा केल्या, मशीनवर बसली आणि पायजमा मागून वर ओढला. दिवसातून वीसदा ओढायची तसाच. हात तिथेच थबकला.

"काय झालं?" नणंदेने विचारलं.

"काही नाही," असं म्हणत तिने गठ्ठ्यातला पुढचा शर्ट ओढला आणि बटणं उसवायला घेतली.