केतकर सरांचं आभारप्रदर्शन

नारायण पेठेत कार्यक्रम कुणाचाही असो, आभार मानायला निवृत्त शिक्षक केतकर सरच लागत. त्यांच्या मुलीने, नीरजाने, कर्ज काढून जिथे फी भरली, ती संस्था मध्येच बंद पडली. हप्ते मात्र चालू होते.

त्या दिवशी आमदारांनी शैक्षणिक कर्ज आणि ग्राहक संरक्षणावरच्या आपल्या कामाचा तासभर आढावा घेतला. शेजारी शाल पांघरून कार्यक्रमाचे प्रायोजक बसले होते: त्याच संस्थेचे गायब झालेले संचालक.

सर उठले. "आमदारसाहेबांचे विशेष आभार. आम्ही वर्षभर ज्यांना शोधत होतो, त्यांना आपण व्यासपीठावर आणून बसवलंत. संचालकसाहेब, नीरजाची फी कधी परत देताय?"

संचालक आमदारांकडे बघू लागले, आमदार घड्याळाकडे.

"सावकाश सांगा," सर म्हणाले. "आभार संपल्याशिवाय राष्ट्रगीत नाही, आणि चहा त्यानंतर आहे."